डॉट इन की डॉट कॉम? देवगडच्या एका बागायतदाराच्या प्रश्नाचं उत्तर

देवगडजवळच्या एका बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघा भावांची हापूसची बाग, जोडीला काजू आणि कोकम. आजवर विक्री ओळखीपाळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर झाली, आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. बागेच्या नावाचं डॉट इन मोकळं आहे, वर्षाला सात-आठशे रुपयांत मिळतंय. डॉट कॉम मात्र कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय आणि त्याचे तो 1 लाख 20 हजार मागतोय. पुढेमागे दुबई-लंडनला माल पाठवायचा विचार आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा म्हणतो, डॉट कॉम नसेल तर बाहेर कुणी विचारत नाही. पैसे भरावेत का?

भरू नका. डॉट इन घ्या. पण घेण्याआधी एक गोष्ट बघा: त्या डॉट कॉमच्या पत्त्यावर आज काय दिसतं? तिथे दुसरा आंबेवाला बसला असेल, तर डॉट इनही घेऊ नका. बागेसाठी वेगळं नाव शोधा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण अठरा वर्षांत या बाबतीत लोकांचं नुकसान बहुतेक वेळा एकाच वाटेनं झालेलं पाहिलंय. लोक पत्ता ऐकतात, लक्षात ठेवतात आणि टाइप करताना शेवटी सवयीनं डॉट कॉम लावतात. वेबसाइटचं फारसं बिघडत नाही, माणूस गुगलवरून परत फिरून येतो. ईमेल मात्र परत फिरत नाही. कोकणातल्या एका घरगुती निवासाचं काम माझ्याकडे होतं. त्यांचं डॉट इन, आणि त्याच नावाचं डॉट कॉम दुसऱ्या राज्यातल्या एका हॉटेलकडे. दिवाळीच्या सुट्टीत एक कुटुंब सामान घेऊन दारात उभं राहिलं. 'आम्ही ईमेल केला होता, खोली आहे असं उत्तरही आलं होतं,' असं ते म्हणाले. उत्तर आलं होतं हे खरं, पण त्या दुसऱ्या हॉटेलातून. त्या घरातल्या काकूंनी स्वतःची खोली रिकामी करून पाहुण्यांची सोय केली. पुढच्या महिन्यात आम्ही नाव बदललं. फलक, कार्डं, नकाशावरची नोंद, सगळं नव्यानं. सुरुवातीला दहा मिनिटं खर्च करून तो पत्ता उघडून पाहिला असता तर हे टळलं असतं. तेव्हा तो मीही पाहिला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत डॉट कॉमवर नुसती 'विकणे आहे' अशी पाटी आहे. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. तिथे आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे वळत नाही, ते गोंधळतं आणि परत शोधतं. मालकानं मागितलेला आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. असे लोक शेकड्यांनी नावं धरून बसतात, त्यातली फार थोडी विकली जातात. तुम्ही एकदा विचारलंत, आता पुन्हा विचारू नका, आणि स्वतःच्या नावानं घासाघीस तर मुळीच नको. गरज दिसली की आकडा वर जातो. वर्षा-दोन वर्षांनी त्याला ते नाव सांभाळायचा कंटाळा येतो आणि तेच नाव कितीतरी कमी पैशांत सुटतं. हे मी अनेकदा पाहिलंय. नाही सुटलं तरी तुमचं काही अडलेलं नसेल.

आता त्या मुलाचं म्हणणं. त्याचा राग धरू नका, ही समजूत एका काळी बरोबर होती. डॉट कॉम 1985 पासूनचं. डॉट इन कागदावर 1989 मध्ये आलं, पण पुढची पंधरा वर्षं ते सहज मिळतच नव्हतं. मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही सरकारी संस्था ते सांभाळायची, नियम कडक होते आणि सामान्य कंपनीला थेट डॉट इन न मिळता डॉट को डॉट इन मिळायचं. 2005 च्या सुरुवातीला हे काम निक्सी या संस्थेकडे गेलं आणि कुणीही यावं, नाव घ्यावं, अशी मोकळीक झाली. तोवर देशातली नोंदणी काही हजारांत होती, आज ती तीस लाखांच्या पुढे आहे. जुन्या भारतीय कंपन्यांच्या पत्त्यात मधलं 'को' दिसतं ते या इतिहासामुळे. तुम्हाला त्याची गरज नाही. थेट डॉट इन मोकळं असताना डॉट को डॉट इन घेणं म्हणजे फोनवर सांगायला एक शब्द वाढवणं आणि चुकायला एक जागा वाढवणं.

विश्वासाचं म्हणाल, तर तोही काटा आता फिरलाय. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं की देशातल्या बँकांनी आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायची, आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. म्हणजे ज्या काकांना तुम्ही पेटी विकणार, ते पैशांचे व्यवहार करताना शेवटी 'डॉट इन' आहे ना हेच बघायला शिकतायत.

गुगलचा मुद्दा लवकर संपवतो. डॉट इन घेतल्यानं भारतातल्या शोधात आपोआप वर येत नाही आणि डॉट कॉम घेतल्यानं जगात वर येत नाही. पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला मी शेपटी म्हणतो. डॉट इनसारख्या देशाच्या शेपटीवरून गुगल एवढंच ओळखतं की ही साइट प्रामुख्यानं त्या देशातल्या लोकांसाठी आहे. पुण्यातली बाई 'देवगड हापूस घरपोच' शोधते तेव्हा ही ओळख तुमच्या फायद्याची. दुबईतला माणूस दुबईत आंबा शोधतो तेव्हा ती थोडी आड येते, पण दार बंद होत नाही. डॉट आयओ, डॉट को, डॉट टीव्ही यांसारख्या काही देशांच्या शेपट्या गुगल सर्वसाधारण धरतं, डॉट इन त्यात नाही. पूर्वी डॉट कॉमवाल्यांना 'माझी साइट अमुक देशासाठी' असं सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात सांगता यायचं, ती सोय 2022 मध्ये बंद झाली. म्हणजे डॉट कॉम घेऊन 'भारतासाठी' अशी खूण करण्याची एक वाट कमीच झाली.

मग दुबई-लंडनचं काय? इथे तुम्ही दोन वेगळी गिऱ्हाइकं एकत्र मोजताय असं मला वाटतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे परदेशात राहणारा आपला माणूस. एप्रिल उजाडला की तो न्यू जर्सीत बसून पुण्याच्या आई-वडिलांसाठी चार डझनांची पेटी मागवतो. पैसे परदेशातून येतात, माल मात्र कोथरूडला किंवा डोंबिवलीला जातो. या माणसाला डॉट इन म्हणजे हक्काची खूण वाटते, कारण त्याला पेटी भारतातच पोचवायची आहे. त्याचं अडतं ते दुसरीकडे: पैसे भरण्याच्या पानावर परदेशी कार्ड चालत नाही. पेमेंट गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डांची परवानगी वेगळी मागावी लागते, कागदपत्रं द्यावी लागतात, वेळ जातो. ती डिसेंबरातच मागून ठेवा. डॉट कॉमच्या 1 लाख 20 हजारांनी जे मिळणार नाही, ते या एका अर्जानं मिळेल.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे तिकडचा आयातदार. तो आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक विचारेल, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी विचारेल, मालावर कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र विचारेल. युरोपला जाणारा माल असेल तर बागेची मँगोनेटवरची, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या यादीतली, नोंदणी विचारेल. पत्त्याला कुठली शेपटी आहे यावरून सौदा मोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याला दिसतं ते एवढंच की ईमेल स्वतःच्या पत्त्यावरून आलाय की जीमेलवरून. तिथे डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही सारखेच.

उद्या खरोखरच दुबईत गोदाम घेतलंत, तिथल्या लोकांना दिरहममध्ये विकायला लागलात, तर त्या दिवशी डॉट एई घ्या. ते बाहेरच्यांनाही मिळतं, इंग्लंडचं डॉट यूकेही मिळतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या देशी शेपट्यांना मात्र त्या देशाशी संबंध दाखवावा लागतो. आणि ही अट नुसती कागदी नसते. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या लोकांचे 80 हजारांहून अधिक डॉट ईयू पत्ते जानेवारी 2021 मध्ये बंद पडले. त्या देशात पाय नसताना त्या देशाची शेपटी लावणं म्हणजे भाड्याच्या जागेत दुकान थाटून भाडेकरार न वाचणं. डॉट आयओचंच बघा. ती हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची शेपटी. ती बेटं मॉरिशसकडे सोपवायचा निर्णय ब्रिटननं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केला आणि जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्या चिंतेत पडल्या. युगोस्लाव्हिया देश गेला, मागोमाग 2010 मध्ये डॉट वाययूही गेलं.

डॉट कॉम तरी कुणाचंच नाही असं समजू नका. ते चालवणारी व्हेरिसाइन ही कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आहे आणि तिथल्या न्यायालयाचा आदेश तिला पाळावाच लागतो. 2012 मध्ये जुगाराचा एक डॉट कॉम पत्ता असाच जप्त झाला, त्याची नोंदणी कॅनडातल्या कंपनीतून झालेली असूनही. आंबा विकणाऱ्याला याची भीती नको. सांगायचं एवढंच की भांडण झालंच, तर डॉट इनचं भांडण निक्सीच्या नियमांनुसार भारतातल्या लवादापुढे चालतं. डॉट कॉमचं बहुधा जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातं आणि तिथे एका पंचापुढच्या तक्रारीची फीच 1500 डॉलर आहे.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ती. शेपटीवर तुम्ही महिनाभर विचार केलात, पण नावाचं रोमन स्पेलिंग कुणी ठरवलं? मराठी नावाला इंग्रजी अक्षरांत एकच रूप नसतं. देवगड एकजण व्ही घालून लिहितो, दुसरा ई-ओ लावून, तिसरा शेवटी आरएच जोडतो. आंब्याला सुरुवातीला एक ए की दोन? वाडी डब्ल्यूनं की व्हीनं? हापूसमधला पू 'यू'नं की दोन 'ओ'नं? तुमच्या बागेच्या नावात 'आंबा' आणि 'वाडी' दोन्ही आहेत, म्हणजे नुसत्या या दोन शब्दांची चार स्पेलिंगं झाली. डॉट कॉमवाल्याकडे जाणारी माणसं फार तर दहातली एक असेल, चुकीच्या स्पेलिंगनं हरवणारी याहून जास्त असतील.

म्हणून एक करून बघा. नावाचा पत्ता फोनवर तीन माणसांना सांगा: मुंबईतली एखादी मावशी, कॉलेजातला भाचा आणि कुरिअरवाला. स्पेलिंग सांगू नका, नुसतं नाव सांगा आणि त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं, तर नाव बदला किंवा दोन प्रचलित स्पेलिंगं दोन्ही विकत घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. दोन डॉट इनचे मिळून वर्षाला दीड हजार रुपये होतील. लाखाच्या डॉट कॉमपेक्षा तिथे खर्च करणं मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं. नावात आडवी रेघ नको, आकडे नकोत. आणि 'हापूस' हा शब्द नावाच्या आधारस्तंभासारखा वापरू नका. तो मालाचा शब्द आहे, तुमच्या एकट्याचा होत नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद जरूर करून घ्या. पण ब्रँडचं नाव बागेचं असू द्या.

स्पेलिंगची कटकट नको तर देवनागरीतला पत्ता घेऊ का, असंही काहीजण विचारतात. डॉट भारत 27 ऑगस्ट 2014 ला सुरू झालं आणि मराठी-कोकणी त्यात पहिल्यापासून आहेत. मला त्याबद्दल मनापासून आपुलकी आहे, माझ्या स्वतःच्या नावाचं मी पहिल्या वर्षीच घेतलं. आंबाविक्रीचा मुख्य पत्ता म्हणून मात्र ते घ्यायला मी आज सांगणार नाही. अनेक वेबसाइटचे फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता अजून चुकीचा ठरवतात. लिंक चिकटवली की काही ठिकाणी तुमच्या सुंदर नावाच्या जागी एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं उमटतात. आणि स्पेलिंगचा घोळ सुटतो म्हणावं, तर कोकण की कोंकण, ह्रस्व की दीर्घ, हे प्रश्न उभे राहतात. खोक्यावर मराठी पत्ता छापायला आवडत असेल तर घ्या आणि डॉट इनकडे वळवा. लहान गोष्ट आहे, पण पेटी उघडताना आपल्या लिपीतला पत्ता दिसला की आनंद होतो.

डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट शॉप या नव्या शेपट्या त्या मुलानं सुचवल्या असतील. जगभरच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं 2012 मध्ये अर्ज मागवले त्यातून या आल्या, आणि ऑनलाइन, स्टोअर वगैरे चालवणारी रॅडिक्स ही तर मुंबईच्या डायरेक्टी समूहातून निघालेली कंपनी. तंत्र म्हणून त्यात खोट नाही. पहिल्या वर्षी शे-दोनशेत मिळतात, दुसऱ्या वर्षीचं बिल पाहून माणूस दचकतो. शिवाय तुमचं निम्मं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, त्याला 'डॉट स्टोअर' सांगितलं की तो त्यापुढे डॉट कॉम लावतो. सोडून द्या.

नोंदणी करताना मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा भावाचं नाव, पत्ता आणि फोन घाला. वेबसाइट करणाऱ्याचा नको. तो मुलगा कितीही चांगला असो, उद्या त्याला बंगळूरला नोकरी लागेल. एका लघुउद्योजकाचा पत्ता असाच एका वेब डिझायनरच्या खात्यात अडकला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त फोन उचलेना, आणि मुदत संपायला बारा दिवस राहिले होते. ते बारा दिवस मी विसरलेलो नाही. डॉट इनमध्ये मालकाचं नाव लपवणारी प्रॉक्सी सेवा चालत नाही आणि ओळखीची कागदपत्रंही मागितली जाऊ शकतात, तेव्हा तपशील आधारकार्डाशी जुळतील असेच भरा. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा, म्हणजे त्याच वेबपत्त्यावरचा, ठेवू नका. डोमेन बंद पडलं की ते सोडवायचे ईमेलही तिथेच अडकतात.

आणि तारीख. नाव एप्रिलमध्ये घेतलंत तर नूतनीकरण दर एप्रिलला येईल, म्हणजे ऐन हंगामात, तुम्ही पहाटे चारला पेट्या भरत असताना. गणपतीनंतर घ्या, एकदम पाच वर्षांसाठी घ्या. दहा वर्षांपर्यंत घेता येतं. परदेशी कंपनीकडे कार्डावरून आपोआप पैसे कापले जातील यावर विसंबू नका. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पैसे कापण्याचे नवे नियम लागू झाले आणि तेव्हापासून असे व्यवहार गुपचूप फसल्याची कितीतरी उदाहरणं माझ्याकडे आली. मुदत उलटल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, त्यानंतर महिनाभर भरमसाट दंडासह, आणि मग नाव बाजारात मोकळं होतं. चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक आहेत. तुमच्या डॉट कॉमवाल्यानंही ते असंच कुणाच्या तरी हातून सुटल्यावर उचललेलं असू शकतं.

वाचलेल्या पैशांतले काही हजार ट्रेडमार्कच्या अर्जाला लावा. ताज्या फळांसाठी वर्ग 31, आमरस आणि काजूगरासाठी वर्ग 29. मुंबई उच्च न्यायालयानं 1999 मध्येच रेडिफच्या दाव्यात सांगितलं होतं की डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नसतो, ती व्यवसायाची ओळख असते, आणि एका अक्षराचा फरक करून कुणाला ती वापरता येत नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे मान्य केलं. उद्या त्या डॉट कॉमवर कुणी तुमच्या नावानं आंबा विकायला लागला, तर ही नोंदणी हातात हवी. नुसतं धरून बसलेल्या आजच्या मालकाविरुद्ध मात्र तिचा उपयोग होणार नाही. त्यानं नाव तुमच्या आधी घेतलंय, आणि तुम्ही बागेचं नाव बाजारात आणायच्या आधी घेणारा माणूस तुमच्यावर डाव धरून होता हे कुणाला सिद्ध करता येत नाही.

जीमेलचा जुना पत्ता बंद करू नका. नव्या पत्त्यावरचे ईमेल दोन हंगाम तरी दोन्हीकडे येतील असं करून ठेवा, जुनी गिऱ्हाइकं जुन्याच पत्त्यावर लिहिणार. आणि खोक्यांची छपाई पत्ता हातात येऊन महिनाभर त्यावर ईमेलची ये-जा झाल्यावरच द्या. पाच हजार खोक्यांवर चुकलेलं एक अक्षर खोडायला मी एका घरातल्या सगळ्यांना मार्कर घेऊन बसलेलं पाहिलंय.